नंदुरबारच्या पथारीवरील नेमबाजीची हकीकत

वाचकांचे सेवेशीं विनंती ऐसी कीं, नंदुरबार कसब्यांतील नेमबाज मंडळाचे पराक्रम लिहून काढावे म्हणोन आज्ञा जाहली. त्यास पराक्रम शोधतां बहुत श्रम पडले आणि अखेर एकच सांपडला, तो येणेंप्रमाणें.

शके १८५७, युवनाम संवत्सरीं मिरचीचे बडे व्यापारी चुनीलाल शेठ मंडळाचे सदर, म्हणजे अध्यक्ष, जाहले आणि उदेसिंग वकील सरनौबत जाहले. मग मैदान पाहिजे म्हणोन स्टेशनामागील पथारी, जेथें दगूबाई आणि तिजसोबतच्या बाया ओली मिरची वाळवून पोट भरीत, ती शेठजींनीं वशिला लावोन बळकाविली, आणि बायांस ताकीद दिली कीं इकडे पाऊल टाकाल तर जिवास मुकाल. ताकीद वाजवीच होती, कारण मंडळाची गोळी कोठें जाईल हें परमेश्वरासही ठाऊक नसे. तिनें एक बकरी घेतली, स्टेशनाचीं कौलें घेतलीं, खुद्द सदरांची छत्री घेतली. निशाणास मात्र कधीं धक्का लागला नाहीं.

निशाणामागें मातीचा बंधारा घालावा ऐसी रीत. परंतु कुदळ धरणें सरदारांच्या इतमामास शोभेना आणि मजूर लावणें शेठजींच्या जिवावर येई. सबब त्यांनीं वखारींतील फटकी, म्हणजे रंग उडालेली टाकाऊ मिरची, गोण्यांत भरोन तिची थप्पी रचली आणि आपल्या अकलेवर आपणच खूष जाहले. गोणीस एक गोळी लागती तर ही अक्कल पहिल्याच दिवशीं उघडी पडती. लागली नाहीं, म्हणोन थप्पी दोन उन्हाळे टिकली आणि आंत मिरचीची भुकटी जाहली.

पुढें शके १८५९ च्या पौषांत दगूबाई प्रांतसाहेबांच्या तंबूपुढें जाऊन बसली आणि उठेना. "पथारी आमनी शे, साहेब. मिरची सडी ऱ्हायनी. आम्ही काय खावानं?" इतकेंच बोलली. साहेबांनीं फर्माविलें कीं, आमचे डोळ्यांदेखत एक गोळी निशाणास लागल्यास मैदान मंडळाचें, न लागल्यास बायांचें.

मग शामियाना उभारिला, सनई वाजविली, आणि एकेक बहाद्दर पुढें होऊन गोळी वाया घालवूं लागला. साहेब जांभया देऊं लागले. शेवटीं उदेसिंग वकील उठले. नेम धरतां दोन्ही डोळे मिटावे ही त्यांची खास रीत, ती त्यांनीं पाळिली आणि चाप ओढिला.

गोळी निशाणाच्या मधोमध लागली.

गोण्या फुटल्या, थप्पी कोसळली, आणि भुकटीचा लोट वाऱ्यासरसा शामियान्यांत शिरला. मग काय विचारतां! सरदार शिंकत पळाले, सनईवाल्यानें सनई टाकिली, आणि साहेब रुमालांत तोंड खुपसून खुर्चीसकट उलथले. पळापळींत निशाणाचा कागद पायांखालीं येऊन त्याच्या चिंध्या जाहल्या, तेव्हां तो गोळीनें फाटला कीं जोड्यांनीं, हें कळेना. साहेबांनीं पुसिलें कीं गोळी लागली हें पाहिलें कोणीं? सर्वांचे डोळे मिटलेले, आणि वकिलांचे तर आधींपासूनच. बायाही मागें हटल्या होत्या. एकटी दगूबाई नाकास पदर लावोन जागेवर उभी होती.

शेठजी, ज्यांनीं आजवर तिला अगे-जागेशिवाय हांक मारिली नव्हती, ते चांचपडत तिच्यापुढें आले. "दगूबाई, मन्ही बहीण, सांग ना, गोयी लागनी ना?"

दगूबाईचा जन्म मिरचींत गेला, परंतु तिच्या डोळ्यास पाणी आल्याचें कसब्यांत कोणी पाहिलें नव्हतें. त्या टक्क उघड्या, कोरड्या डोळ्यांनीं तिनें साहेबांकडे पाहिलें आणि म्हणाली,

"माले काहीच दिखनं नही, साहेब. मन्हा डोयासमा मिरची गयी."

साहेबांनीं निवाडा दिला कीं, कोणी पाहिली नाहीं ती गोळी लागली नाहीं. मंडळ तेथेंच बरखास्त जाहलें. सांज होण्याआधीं पथारी लालभडक जाहली, आणि या मोहिमेची फत्ते दगूबाईचे नांवें लिहिली असे.