मंजुळेची बदली

परभणीच्या मुरलीधर टाकळकरांच्या घरी, काचेच्या टाकीत असलेल्या समुद्रफुलाची मे महिन्याच्या सर्वसाधारण बदल्यांमध्ये भंडाऱ्याला बदली झाली. आदेश साध्या टपालाने आला. ‘प्रशासकीय कारणास्तव’ असं त्यात लिहिलं होतं, म्हणजे कारण विचारायचं नव्हतं.

टाकळकरांना आदेशात खोट काढता येईना. एकतीस वर्षं आस्थापना शाखेत लोकांच्या बदल्यांचेच कागद करून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. एका जागी तीन वर्षं झाली की बदली ठरलेली. मंजुळा, म्हणजे हे समुद्रफूल, नावाला फूल पण खरं तर बोटांबोटांचा समुद्री प्राणी, टाकीतल्या त्याच एका दगडाला चिकटून तीन वर्षं दोन महिने बसली होती. आता आठ दिवसांत तिला कार्यमुक्त करून भंडाऱ्याच्या कुणा ढोमण्यांच्या टाकीत रुजू करायचं होतं.

नियमाप्रमाणे त्यांनी काचेसमोर उभं राहून तिला आदेश वाचून दाखवला आणि पोच घ्यायला दुसरी प्रत पाण्यात धरली. मंजुळेनं आपल्या साठेक बोटांपैकी दोन कागदाला चिकटवली. मग सगळी बोटं आत ओढून ती मुठीएवढी होऊन बसली.

त्या मंगळवारी तिनं कोळंबीला तोंड लावलं नाही. मंगळवार आणि शनिवार हे तिचे जेवणाचे वार. टाकळकर जन्माचे शाकाहारी, त्यात शनिवारी मारुतीचा उपास. तरी नखाएवढा कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यात धरून, मान दुसरीकडे वळवून ते तिच्या बोटांपाशी नेत, आणि तिनं तो ओढत ओढत मधल्या तोंडात घालेपर्यंत जागचे हलत नसत. मीठ तोलून पाण्यात विरघळवणं, खारटपणा मोजणं, दिवा रोज दहा तास लावणं, सगळं तेच करत. परभणीत समुद्र सांभाळायचा म्हणजे काही चेष्टा नाही. निवृत्तीनंतर आपण अजून कुणाला तरी हवे आहोत, हे त्यांना चिमट्याला बसणाऱ्या त्या बारीक ओढीवरून कळायचं. ती ओढ आता बसणार नाही या विचारानं त्यांना चक्क रडू येत होतं.

“भंडाऱ्याचे लोक तिला काय घालतील कोण जाणे,” ते बायकोला म्हणाले. “मोठा तुकडा दिला की ती ओकून टाकते. त्यांना कोण सांगणार?”

“पत्र टाका की,” गहू निवडता निवडता इंदुमतीबाई म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका. बदलीची बातमी ऐकून त्यांच्या हातातला खडासुद्धा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टाकळकर बदली कक्षात गेले. तिथे आता कोरडे मॅडम होत्या. टिपणी कशी लिहायची हे त्या टाकळकरांच्याच हाताखाली शिकल्या होत्या.

“एक वाट आहे, भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. “पती-पत्नी एकत्रीकरण. तिच्यासोबत कुणी राहतं का?”

राहत होता. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक मासा. दुकानदारानं ‘जोकर’ म्हणून दिला होता. पहिल्या दिवसापासून तो मंजुळेच्या बोटांत झोपायचा, चिमटा दिसला की चिमट्यावरसुद्धा धावून जायचा आणि स्वतःच्या खाण्यातला घास तिच्या तोंडाशी नेऊन टाकायचा.

“घास नेऊन टाकतो?” कोरडे मॅडमनी विचारलं. “मग विवाहाचा पुरावा मागत नाही मी. फक्त एक दाखला लागेल, विभक्त राहण्याच्या त्रासाचा. सही मात्र असा त्रास किमान पाच वर्षं काढलेल्या माणसाची पाहिजे.”

“असा माणूस आता कुठून आणू?”

कोरडे मॅडमनी पेन खाली ठेवलं. “भाऊसाहेब, मला कामून विचारता? घरी जा.”

टाकळकर कोरा दाखला घेऊन निघाले. इंदुमतीबाईंनी पालमच्या पुढच्या एका खेड्यात नऊ वर्षं खोली घेऊन नोकरी केली होती. एकत्रीकरणाचा त्यांचाही अर्ज आला होता, आणि तो आला होता टाकळकरांच्याच टेबलावर. त्यांनी त्यावर शेरा मारला होता : ‘घरचे प्रकरण. पक्षपात दिसेल. मागे ठेवावे.’ पुढे कुणी तो पुढे काढलाच नाही.

घरी येऊन त्यांनी कोरा दाखला बायकोपुढे ठेवला. इंदुमतीबाईंनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला.

“सही करते,” त्या म्हणाल्या. “पण ‘त्रासाचे स्वरूप’ या रकान्यात मी सांगेन ते लिहायचं. तुमचं अक्षर चांगलंय.”

टाकळकर लिहायला बसले.

“शनिवारची शेवटची एसटी चुकली, की रविवार गेला. ताप आला, तर खिडकीतून शेजारणीला हाक मारायची. लिहिलंत? आणि नवरा किती सचोटीचा आहे असं चारचौघांत कौतुक झालं, की आपणही मान डोलवायची.”

टाकळकरांचा हात थांबला.

“लिहा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी लिहिलं. मग मान वर न करता म्हणाले, “चुकलं माझं, इंदू.”

“ते या रकान्यात बसत नाही,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “पण ऐकलं मी.” आणि त्यांनी सही केली.

शनिवारी सकाळी दोन आदेश आले. पहिल्यानं मंजुळेची बदली रद्द झाली होती. टाकळकरांनी तो लगेच काचेसमोर वाचला आणि मुठीतून एकेक बोट बाहेर यायला लागलं. दुसरा आदेश इंदुमतीबाईंच्या नावाचा होता. संदर्भ शोधताना जुनं प्रलंबित प्रकरण आढळलं, ते निकाली काढून त्यांची पतीच्या मुख्यालयी बदली करण्यात येत आहे, त्यांनी तात्काळ रुजू व्हावं.

“अहो, मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली!”

टाकळकरांनी आदेश दोनदा तपासला. “निवृत्तांना सूट असं कुठेही म्हटलेलं नाही. रुजू व्हावं लागेल.”

इंदुमतीबाई हसल्या. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली, माळ्यावरची शाळेची बॅग काढली, खाली फाटकापर्यंत गेल्या आणि परत येऊन बेल वाजवली. टाकळकरांनी शर्टाचं वरचं बटण लावून दार उघडलं. घड्याळ बघून त्यांनी रुजू अहवालात ‘मध्यान्हपूर्व’ लिहिलं आणि कार्यभार म्हणून चिमटा त्यांच्या हाती दिला.

“केवढा तुकडा?”

“नखाएवढा.”

इंदुमतीबाईंनी चिमटा पाण्यात सोडला. जोकर धावून आला, त्यांना नीट बघून बाजूला झाला. मंजुळेची बोटं तुकड्याला चिकटली.

“अगंबाई, ओढतेय हो ही!”

“सोडू नकोस इतक्यात,” टाकळकर म्हणाले आणि रुजू अहवालावर त्यांनी सही केली.