फॉरमॅटच्या दिवशी चक्की बंद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, अक्षरही दळणाच्या चिठ्ठ्या लिहून लिहून बिघडलं आहे, तेवढं सांभाळून घ्या. पण ढोके काकाजींबद्दल लिहायचं राहून गेलं तर मलाच बरं वाटणार नाही.

नेरला आमच्या गल्लीत माझी पिठाची चक्की, आणि भिंतीला भिंत लागून काकाजींचं घर. दर आठ-पंधरा दिवसांनी ते दारात येऊन उभे राहायचे आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगावं तशा आवाजात म्हणायचे, "ताई, आज फॉरमॅट हाय. चक्की बंद ठेवजा."

फॉरमॅट म्हणजे कम्प्युटरमधलं सगळं पुसून पुन्हा नवं भरायचं. माझ्या चक्कीची मोटर सुरू झाली की त्यांच्या घरची विजेची लाईन दबायची आणि ते भरणं अर्ध्यावर मोडायचं.

काकाजी रिटायर कारकून, एकटेच. काकू जाऊन चार वर्षं झालेली. कम्प्युटर पुण्याच्या मुलानं, नितीननं, पाठवलेला. कम्प्युटर चालवणारा प्रोग्राम काकाजी सारखा बदलत, कधी अठ्ठ्याण्णव टाकत, कधी एक्सपी, कधी लिनक्स, आणि सुनांचे सांगावेत तसे तिघींचे गुण मला सांगत. "अठ्ठ्याण्णव साधी हाय, थोडक्यात भागवते. एक्सपी देखणी, पण तिले खायले लय लागते. लिनक्स हुशार हाय वो, पण इचारल्याबिगर एक काम नाही करत." मला काही कळत नसे. मी मान हलवायची.

दुपारी लाईन फक्त दोन ते चार. कापसाला भाव नव्हता, लोक पायलीच्या जागी दोन किलो ज्वारी आणायचे. माझे ते दोन तास गेले की दिवस गेला. चक्कीच्या ओट्यावर दळण घेऊन बसलेल्या बाया टोमणे मारत, "काहून वो, चक्की ढोक्याच्या कम्प्युटरले आंदण देली काय?" भिंतीपलीकडे काकाजी पुण्याशी फोनवर असायचे. "बावन्न टक्के झालं बेटा. आता कोणतं बटन दाबू?" असं तासभर. मध्येच काकूची आठवण, मध्येच भाजीत मीठ किती टाकायचं. मी घड्याळाकडे पाहत बसायची.

एका फॉरमॅटच्या दुपारी गल्लीतल्या शकूबाईकडे पाहुणे आले आणि घरात पीठ नव्हतं. साडेतीन वाजले होते. "पाच मिनिटं चालव ना, कोणाले समजते," ती म्हणाली. मला नाही म्हणवेना. मी बटण दाबलं. पलीकडे काकाजी बोलता बोलता थांबले.

ते आले तेव्हा रागावले नव्हते, तेच जड गेलं. "ताई, गेलं." हार्डडिस्क जळली होती. कम्प्युटरचं सगळं तिच्यातच राहतं म्हणे. मी म्हटलं, भरून देते.

"राहू द्या. नितीन म्हणते, कायले कटकट करता बाबा, ठेवून द्या तो डबा."

मग चक्की रोज दोन तास चालली. काकाजी ओट्यावर येऊन बसायचे, मोटरचा आवाज ऐकून विचारायचे, "हे कोणतं व्हर्जन हाय ताई?" बाया हसायच्या. फोन आता रविवारीच वाजायचा. मी मोटर थांबवून भिंतीशी उभी राहायची. "जेवलो. हो, बरा हाय. ठेवतो." सूपभर गहू निवडून होत नाहीत तोवर बोलणं संपलेलं.

बसस्टँडजवळच्या कम्प्युटरच्या दुकानात जायला मला आठ दिवस धीर झाला नाही. दुकानदारानं नव्या हार्डडिस्कचे बावीसशे सांगितले. आठवड्याला शंभर देत जा, फिटले की घेऊन जा, म्हणाला. काकाजींना मी काही बोलले नाही. पाच महिने दर सोमवारी जात राहिले.

शेवटची नोट काउंटरवर ठेवली तेव्हा दुकानदार खूश झाला. "मावशी, आता मीच घरी येऊन एक्सपी टाकून देतो, फुकटात. अशी पक्की बसवतो, काकाजीले पुन्हा फॉरमॅट करा नाही लागणार."

"नका टाकू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "कोरीच द्या."

मग बिलावर 'पूर्ण जमा' असं लिहून त्यानं ती डिस्क माझ्या पिशवीत ठेवली.