आमचं घर सोडून पुढं

पक्षाचं धोरण जनतेच्या मनातून उगवलं पाहिजे, यावर सर्व पक्षांचं एकमत आहे. एरवी या पक्षांचं वड्याबरोबर चटणी द्यावी की नाही यावरही जुळत नाही, तेव्हा या मताला वजन आहे. जनतेच्या मनात काय आहे ते जनतेला विचारायचं, लिहून घ्यायचं आणि मग कुणाच्याही केसाला धक्का लागणार नाही एवढंच छापायचं, ही त्याची शास्त्रशुद्ध रीत. भिवंडीत खाडीकडेच्या एका वॉर्डात ती यंदा तंतोतंत पाळली गेली.

वॉर्डाच्या जाहीरनामा समितीचं अध्यक्षपद लडकूला मिळालं. पात्रता दोन होत्या. तो वीस वर्षं पक्षात होता, आणि वीस वर्षांत त्याला काहीच मिळालं नव्हतं. (नकार देता येत नसणं ही तिसरी. ती पक्षाच्या घटनेत लिहीत नाहीत, गृहीत धरतात.)

पण लडकूने पद घेतलं ते गटारासाठी. त्याच्या आळीतून एक उघडं गटार खाडीला जातं. वरच्या अंगाला कापड रंगवायचे कारखाने असल्यामुळे गटाराला शिस्त आहे. सोमवारी निळं, बुधवारी गुलाबी, आणि शुक्रवारी ज्याला अजून नाव पडलेलं नाही असा एक रंग. लग्नसराईत कुठल्या रंगाच्या साड्या चालणार हे आळीतल्या बाया बाजारात न जाता सांगतात. इतकी सोय शहरात फार थोड्यांना आहे.

बाहेरच्या माणसाला मात्र तिची कदर नसते. लडकूची पोरगी भाविका हिला बघायला पडघ्याची माणसं आली. होणाऱ्या व्याह्यांनी चहा अर्धा ठेवला.

"पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "पन मांडव हिथं घालनार कं? आमचं वऱ्हाड नाचत येनार. नाकाला रुमाल बांधून नाचल?"

"तवर गटार बंद करतो," लडकू बोलून गेला.

"केलात तं लगीन तुमच्या दारात. न्हाय तं आमच्या."

पाहुणे गेल्यावर रंगूबाईने नवऱ्याला पक्षादेश दिला. "पोरगी माझ्याच दारातून जाईल. दुसऱ्याच्या दारातून जायाची वेळ आली, तं आदी तुमी जा."

समितीची पहिली बैठक पक्षाच्या कार्यालयात झाली. हे कार्यालय गटारावर उभं आहे. विरोधक याला टीका समजतात. तो नकाशा आहे. विभागप्रमुख हिरामणशेठ, ज्यांची कशेळीला गोदामं आहेत, ते मध्ये बसले. बाजूला मितेश. हा ठाण्याहून आणलेला धोरण सल्लागार. त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि घसा न खाकरता बोलायची कला होती.

"शेठ, धोरण लोकसहभागातून पाहिजे. प्रत्येक घराला विचारायचं."

"आन् एकादा न्हाय म्हनला तं?"

"तर ते कलम काढून टाकायचं."

"मंग बराय," हिरामणशेठ म्हणाले. "मना वाटला, कायतरी करावा लागल."

तर नियम ठरला: ज्याला एकही घर नाही म्हणणार नाही, तेच कलम. लडकूने पहिलंच कलम मांडलं, 'आळीतील गटार बंदिस्त करणे', आणि दारोदार निघाला.

सुरुवात धनेशपासून. धनेशने वरच्या मजल्यावर खोल्या काढून लूमच्या कामगारांना भाड्याने दिल्या आहेत, आणि वर जायचा जिना गटारात रोवला आहे.

"काका, गटार पायजेच! मच्छर फोडून काडतान. आपला पयला पाठिंबा लिवा."

"लिवला."

"फकस्त आमचं घर सोडून पुढं चालू करा."

पुढे चहाची टपरी. टपरीवाला तर भावुकच झाला. "बनाओ काका, एकदम बढ़िया बनाओ. पब्लिक दुआ देगी. बस मेरी टपरी छोड़ के आगे से."

त्यापुढे गिरणी, मंडळाची शेड, कुणाची मोरी, कुणाची मोटारसायकल ठेवायची जागा. गटार प्रत्येकाला हवं होतं आणि प्रत्येक जण त्यावर राहत होता. सर्वेक्षणाचा निकाल असा: गटाराला पाठिंबा शंभर टक्के, आणि 'आमचं घर सोडून पुढं' हेही शंभर टक्के. दोन्ही आकडे जुळले, म्हणजे काम चोख. (देशपातळीवरच्या सर्वेक्षणांत असं सहसा होत नाही.)

शेवटचं घर खाडीला लागून. ते लडकूचंच. अध्यक्ष झाला म्हणून काय, विचारायला हवंच. रंगूबाई गटारावर बांधलेल्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती.

"आपला ओटा तोडाचा?" ती म्हणाली. "मंग पोरीला हलद कुटं लावू? तुमच्या टकल्यावर?"

"अगो, गटार तूच मांगलंस ना?"

"मांगला. आपलं घर सोडून पुढं करा."

"पुढं खाडी हाय!"

"मंग खाडीत करा. खाडीला कोनाचा ओटा आडवा येतो कं?"

लडकू पडेल चेहऱ्याने कार्यालयात आला. मितेशने मात्र त्याला मिठीच मारली. इतकं निखळ एकमत त्याने उभ्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं. कलम जागेवरच लिहिलं गेलं: 'सर्व रहिवाशांच्या एकमुखी मागणीनुसार, शेवटचे घर सोडून पुढे, अद्ययावत बंदिस्त गटार बांधण्यात येईल.'

"खाडीच्या भरतीचा काय?" लडकूने विचारलं.

"ते पर्यावरणाच्या कलमात घेऊ."

"आन् माझ्या पोरीचा मांडव?"

यावर हिरामणशेठ गंभीर झाले. कार्यकर्त्याच्या अडचणीला पक्ष धावला नाही असं त्यांच्या काळात घडलेलं नव्हतं. (धावून पोचला की नाही, ही नोंद ठेवत नाहीत.) त्यांनी जाहीरनाम्याचा फ्लेक्स छापायला टाकला, आळीइतका लांब, त्यावर होणाऱ्या गटाराचं चित्र आणि शेठचा हात जोडलेला फोटो. इतका मोठा फ्लेक्स उभा कुठे करणार? जिथे जिथे गटार उघडं होतं तिथे तो आडवा ताणून बांधला. गटार बंदिस्त झालं. जाहीरनामा निवडणुकीआधी अमलात आणणारा हा पहिलाच वॉर्ड असावा.

लग्नाच्या दिवशी बुधवार होता. बेंजो तापला, वऱ्हाड नाचत आळीत शिरलं, पुढे व्याही. "झाला की गटार!" ते ओरडले, आणि आनंदाच्या भरात शेठच्या जोडलेल्या हातांवर नाचायला गेले. फाटल्याचा आवाज झाला. व्याही गुडघ्यापर्यंत जाहीरनाम्यात गेले.

बेंजो थांबला. पाय बाहेर आला तो गुलाबी. रंगूबाईने ओट्यावरूनच नवऱ्याकडे अशी नजर टाकली की लडकूला पडघ्याचा रस्ता डोळ्यांपुढे दिसला.

"याही," व्याही पाय झटकत म्हणाले, "ह्या गटारावरची घरं पाडली कं कोनाची?"

"कोनाचीच न्हाय," लडकू पुटपुटला.

"एक पायरी बी न्हाय?"

"न्हाय."

व्याह्यांनी आळीभर नजर फिरवली. मग पायाकडे पाहिलं. मग हसायलाच लागले. "आमच्या पडघ्याला बी अशीच समिती पायजे. माझी सगली पडवी गटारावं हाय! वाजवा रं!"

भाविका आईच्या दारातून, आईच्या ओट्यावरून गेली. हिरामणशेठनी आशीर्वाद दिला आणि मितेशला मांडवातच पडघ्याचं काम मिळालं.

मितेश आता गावोगाव फिरतो. कलम तेच, शब्दही तेच. फक्त 'यांचे घर सोडून पुढे' याच्याआधी नावाची जागा मोकळी ठेवलेली असते. तो तुमच्या गल्लीत येईलच. तोवर एक करा. इतका वेळ या आळीला हसताना तुम्ही पाय कशावर टेकवलेत, ते जरा वाकून बघा. आणि नाव नीट सांगा, छापताना चुकायला नको.