नमुना ७-ब : शत्रूची सही

धर्माचं शिक्षण जवळून घेतलं की प्रश्न पडतात. लांबून घेतलं की प्रमाणपत्र मिळतं. नॉर्वेच्या नकाशात टिंबाएवढ्या असलेल्या आमच्या बेटाने हे सत्य वेळीच ओळखलं आणि शहरातल्या 'पत्रद्वारा बायबल अभ्यास मंडळा'त घाऊक नावनोंदणी केली. लोकसंख्या एकसष्ट, विद्यार्थी एक्केचाळीस. उरलेल्यांपैकी चौदा शाळकरी, पाच जणांना सगळं आधीच ठाऊक, आणि एक नास्तिक. (तो चुका काढायला दुसऱ्यांच्या पुस्तिका मागून नेतो. सगळ्यात पक्का अभ्यास त्याचाच आहे.)

चर्चचा पाळक आमच्याकडे सहा आठवड्यांतून एकदा येतो, तोही समुद्राची परवानगी असेल तर. एरवी प्रार्थनाघरात शास्त्रवाचन करणारे म्हातारबुवा वृद्धाश्रमात गेले, तेव्हा असं ठरलं की जो आधी प्रमाणपत्र आणेल तो नवा वाचक. मला ती जागा हवी होती. नाताळच्या संध्याकाळी सगळं बेट गप्प बसलंय आणि मी एकटाच बोलतोय, हे स्वप्न मी तरुणपणापासून बघत आलोय.

पहिले सहा पाठ सोपे गेले. बायबलातला योना माशाच्या पोटात किती दिवस होता, हे आम्हा मासेमारांना काय अवघड? (मतभेद फक्त माशाच्या जातीवर झाले.) सातवा पाठ होता 'शत्रूवर प्रीती', प्रात्यक्षिकासह. त्यासाठी नमुना ७-ब : डावीकडे क्षमा करणाऱ्याचं नाव, उजवीकडे अपराध्याचं, खाली अपराधाचं स्वरूप आणि अपराध्याची शाईतली सही. तरतूद दूरदृष्टीची आहे. सहीची अट नसती तर कोणीही उठून कोणालाही क्षमा करत सुटला असता.

अडचण एवढीच, की आमच्या बेटावर भांडणं होतच नाहीत. एखाद्याशी पटेनासं झालं की आम्ही त्याच्याकडे कॉफीला जायचं थांबवतो, बस्स. त्यामुळे रीतसर शत्रू मिळेना. शेवटी टपाल सांभाळणारी गुडवेग धावून आली आणि तिने एका दुपारी तेवीस नमुन्यांवर सह्या ठोकल्या. अपराध : लोकांची पोस्टकार्डं वाचणे.

"वाचते की," ती म्हणाली. "उघडं पत्र न वाचता पुढे द्यायचं म्हणजे लिहिणाऱ्याचा अपमानच."

मला तिची गरज नव्हती. माझा शत्रू घरचा होता. एइलिव, माझा धाकटा भाऊ, चाळीस पावलांवर राहतो. सतरा वर्षांपूर्वी मी पोटाच्या ऑपरेशनसाठी शहरात होतो, तेव्हा त्याने आम्हा दोघांच्या मालकीचं होडीघर मला न विचारता पिवळं रंगवलं. माझ्या अर्ध्या भागासकट. बेटावरची बाकी सगळी होडीघरं लाल आहेत. तेव्हापासून आम्ही एकमेकांना बघून मान हलवतो. मी नमुना भरला आणि टपालात टाकला. (आमचं टपाल आधी शहरात जाऊन मग परत येतं, त्यामुळे चाळीस पावलांना तीन दिवस लागतात. दूरशिक्षण म्हणतात ते हेच.)

तिसऱ्या दिवशी माझं पाकीट त्याच्याकडे गेलं आणि त्याच बोटीने त्याचं माझ्याकडे आलं. आत नमुना ७-ब. उजवीकडे माझं नाव. अपराधाचं स्वरूप : 'भाऊ इस्पितळात होता. घरी आल्यावर त्याला बरं वाटावं म्हणून होडीघर रंगवलं. दुकानात पिवळाच रंग उरला होता. भाऊ आजतागायत एक शब्द बोललेला नाही.' मी ते तीनदा वाचलं. मला लाज वाटली. तिच्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता.

मंडळाकडे मार्गदर्शन मागितलं. उत्तर तत्परतेने आलं : एकाच प्रकरणात दोन क्षमाकर्ते असण्याची तरतूद नाही, अपराधी कोण, हे उभयतांनी आपसांत ठरवून दोन प्रतींत कळवावे. माझी बायको बोर्गहिल्ड ते वाचून म्हणाली, "आता बोटीने नको पाठवू. पायांनी जा." आणि तिने माझ्या हातात वॅफल्सचं ताट दिलं.

एइलिवने दार उघडलं.

"सही घ्यायला आलास?"

"करायला आलोय."

त्याने ताट माझ्या हातातून घेतलं. "मलाही लालच हवा होता, सिवर्ट."

"पिवळा वाईट नाही. धुक्यात लांबून दिसतो. सतरा वर्षं त्याच्याकडे बघूनच होडी घरी आणतोय मी."

"मग बोलला का नाहीस?"

मी खिशातून त्याचा नमुना काढला. त्याने कॉफी ठेवली. मी त्याच्या नमुन्यावर सही केली. मग तोही हट्टाला पेटला आणि त्याने माझ्या नमुन्यावर केली.

मंडळाने दोन्ही नमुने परत पाठवले. 'उभय पक्षांनी अपराध कबूल केल्याने क्षमा करण्यास पात्र असा निर्दोष पक्ष शिल्लक राहत नाही. सबब दोघेही अनुत्तीर्ण. नव्या शत्रूसह पुन्हा अर्ज करावा.' निर्णय बिनतोड आहे. प्रमाणपत्र सगळ्यांच्या आधी गुडवेगने आणलं, त्यामुळे यंदाचं नाताळचं वाचन ती करणार आहे. मी आणि एइलिव मागच्या बाकावर शेजारी बसणार आहोत, आणि मला वाचन हुकल्याचं फारसं वाईट वाटत नाही, हेच जरा चमत्कारिक आहे.

अभ्यासक्रमाची शिफारस मी अजूनही करतो. हे वाचताना तुमच्याही मनात एक माणूस आला असेल, ज्याला तो फार उपयोगी पडेल. काळजी नसावी. त्याने नाव नोंदवलंय, तो सातव्या पाठापर्यंत आलाय, आणि उजवीकडे अपराधी म्हणून कोणाचं नाव घालायचं यासाठी त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही.