आधीं जातक, मग तोंड

अंबुअक्का संगणकावर उपग्रहाचं चित्र उघडते, तेव्हा आधी पडद्यावर एक जुनी लग्नपत्रिका आडवी धरते. चित्र झाकायचं आणि शेजारची माहिती तेवढी वाचायची: कुठलं, केव्हाचं, प्रकाशाचा कोणता पट्टा कोणत्या रंगात दाखवलाय. "आधीं जातक, मग तोंड!" हा तिचा नियम; स्थळ पाहताना आधी कुंडली, मग मुलगा, तसा. एकदा एका फाइलीत चित्र नकाशावर कुठे बसवायचं तेच लिहिलेलं नव्हतं. अक्कानं "गोत्र नाही, नको हा मुलगा" म्हणून ती परत पाठवली.

तंजावरच्या आमच्या छोट्या नकाशा-कचेरीत मी नाशिकहून आले, तेव्हा मराठी बोलणारी ही एकटीच भेटली. तिच्या कित्येक पिढ्या इथल्याच. तिची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. माझी ऐकून म्हणाली, "तूं बोलतेस की भांडतेस?"

पत्रिकेचा प्रकार भीतीतून आलेला. डोळ्यांना न दिसणारा एक पट्टा आम्ही लाल रंगात दाखवतो, त्यात हिरवंगार भात रक्तासारखं दिसतं. नोकरीच्या सुरुवातीला अक्कानं तसं चित्र पाहिलं आणि सगळा जिल्हा पेटला असं समजून पापनाशमजवळच्या खेड्यातल्या थोरल्या भावाला फोन केला, "अण्णा, बाहेर पड!" अण्णा बिचारे नेसत्या पंच्यानिशी रस्त्यावर.

गेल्या कार्तिकात वादळ आलं. पापनाशमकडे नदीचा बांध फुटल्याचं कळलं आणि अण्णांचा फोन लागेना. अक्का दोन घास खायची आणि डबा मिटायची. ढग फाटल्यावर चित्र आलं. त्या दिवशी तिनं पत्रिका धरली नाही. पडद्यावर थेट अण्णांचं खेडं गाठलं.

काळं होतं. आमच्या चित्रांत पाणी काळं दिसतं.

अक्का ओरडली नाही. तिनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. "तूं वाच गं. मला वाचवेना."

मी त्या काळ्यावर टिचकी मारली. प्रत्येक पट्ट्याचा आकडा शून्य. मग शेजारची माहिती वाचली: शून्य म्हणजे नोंद नाही.

"अक्का, हे पाणी नव्हे. पाण्याचा आकडा लहान असतो, पण असतो. चित्राची कड इथं संपलीय. उपग्रहानं तुमचं गाव पाहिलंच नाही."

"मग तिथें पाणी नाही?"

"ते या चित्राला माहीत नाही."

अक्का उठली. "सरि, ठीक. आपण पाहून येऊं."

माझ्या स्कूटरवरून निघालो. वाटेत पाऊस पुन्हा सुरू झाला. दोन्ही बाजूंची शेतं बुडालेली, माणूस कुठे दिसेना. अक्का मागे काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र. कान दिला तर, "अण्णा रागावेल, अण्णा रागावेल."

पुढे पाणी रस्त्यावरूनच वाहत होतं. मला रस्ता कुठे संपतो ते दिसेना. मी म्हटलं, "परत फिरू या." तोवर झुरळालाही घाबरणारी ही बाई उतरली होती. लुगडं खोचून, पायानं रस्ता चाचपत ती पुढे चालू लागली. मी तिच्या पाठोपाठ स्कूटर ढकलली.

गावाबाहेरच्या उंच देवळाच्या मंडपात माणसं दाटीनं बसली होती. त्यांच्यात अण्णा, ओलेचिंब, कॉफीचा पेला धरून.

"अगे वेडे! पावसांत कां आलीस?"

"फोन कां नाही केलास?"

"बुडाला. फोन बुडाला गे, मी नाही!"

मंडप हसला. अक्का मात्र हसली नाही. तिनं पदरानं त्यांचं डोकं खसाखसा पुसलं. सत्तरी उलटलेले अण्णा निमूट मान खाली घालून बसले.

पाणी उतरल्यावर परत निघालो. स्कूटरवर अक्का माझ्या खांद्याशी येऊन म्हणाली, "घरांत मला सगळे अम्मा म्हणतात, तिकडें कचेरींत अक्का. नातवंडांना मराठी कळते, पण बोलत नाहीत. मला 'अगे' म्हणणारा आतां तो एकटा उरला."