वज्रसप्तकाचे सत्तेचाळीस दोष

एखाद्या गोष्टीवर जन्मभर प्रेम करायचे असेल, तर ती बंद पडलेली असणे फार सोयीचे असते. चालू गोष्टीचे रोज काहीतरी चुकते. बंद पडलेली कधीच चुकत नाही, शिवाय ती बंद का पडली याचा दोष दुसऱ्यावर टाकता येतो.

खैरुद्दीन मुकादमचे असे प्रेम 'वज्रसप्तक' या सात महावीरांच्या मराठी कॉमिकवर होते. तो रत्नागिरीत चौदा वर्षांचा असताना, एकशे बाराव्या अंकात, पोलादराव हा महावीर कड्यावरून खाली पडत होता. त्याच महिन्यात मासिक बंद पडले. तेव्हापासून सव्वीस वर्षे पोलादराव पडतोच आहे आणि खैरुद्दीन पत्रे लिहितोच आहे. (एकूण पत्रे तीनशे आठ. उत्तरे दोन, पैकी एक चुकून आलेले.)

आता कॉमिक पुन्हा सुरू झाले, नव्याने, अंक पहिल्यापासून. ही बातमी कळताच 'वज्रसप्तक चाहता मंडळ, आखाती शाखा' या अकरा सदस्यांच्या संस्थेने निषेधाचा मसुदा तयार केला. अंक अजून छापून व्हायचा होता. पण अनुभवी चाहत्याला वाचनाची वाट पाहावी लागत नाही.

अंक मुंबईहून राहिलच्या बॅगेतून आला. राहिल हा खैरुद्दीनचा मेहुणा. बॅगेत तीस किलोची मर्यादा असल्याने कॉमिकला सुक्या सोड्यांच्या पुडक्याखाली जागा मिळाली. खैरुद्दीन आता आखातात, जबल अली बंदरावरच्या एका गोदामात आलेला माल तपासण्याचे काम करतो. त्याने कंपनीचा कोरा फॉर्म घरी आणला आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या फ्लॅटच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्या अंकाची रीतसर तपासणी सुरू केली.

एक : अंकाला सोड्यांचा वास. (हा दोष प्रकाशकाचा नसला, तरी नोंद आवश्यक.) चार : पोलादरावच्या मिशा निम्म्यावर आणल्या आहेत. नऊ : संघाची प्रमुख आता एक एकोणीस वर्षांची मुलगी आहे आणि ती बैठका वेळेवर सुरू करते. तेवीस : खलनायकाला बालपण देण्यात आले आहे. जुन्या खलनायकांना असले काही नसे, ते थेट किल्ल्यावर मोठे झालेलेच सापडत.

चौदाव्या पानावर मात्र खैरुद्दीन अडला. म्हातारा पोलादराव स्वयंपाकघरात उभा आहे. एकेकाळी धरण थोपवणारा त्याचा हात थरथरतोय, आणि लोणच्याची बरणी उघडून दे म्हणून तो त्या नव्या पोरीला सांगतो. पोरगी बरणी उघडते आणि झाकण सैलसर लावून परत देते. खैरुद्दीनने ते पान तीनदा वाचले. त्याला रडू आले, आणि ते अगदी खरे होते. पण फॉर्मवर 'आढळलेले दोष' एवढाच रकाना होता. चांगले काही आढळल्यास कुठे लिहावे, याची सोय कोणत्याच गोदामात नसते. त्यामुळे ते लिहिले गेले नाही. एकूण दोष सत्तेचाळीस. शेरा : माल परत.

"बंद पडलं तेव्हा रडलात, चालू झालं तरी रडताय," बायको शहनाझ म्हणाली. "खलास करा ना एकदाचं!"

अडचण एवढीच झाली, की तो अंक सुमैय्याच्या हाती पडला. सुमैय्या त्यांची मुलगी, वय वर्षे अकरा. मराठी तिला ऐकून कळते, पण उत्तर इंग्रजीतच निघते. तिला मराठी वाचायला शिकवण्यासाठी आजवर सहा अंकलिप्या, दोन शिकवण्या आणि एक लाच (आयपॅड) वाया गेली होती. ती पोरगी बापाला खेटून बसली आणि बोटाने एकेक अक्षर लावत चार संध्याकाळींत अख्खा अंक वाचून मोकळी झाली. 'थरथरणे' म्हणजे काय, ते तिने स्वतःहून विचारले. खैरुद्दीनने हात थरथरवून दाखवला. एवढा सुखी तो लग्नातही नव्हता.

"अब्बा, धिस इज सो गुड! व्हेन इज द नेक्स्ट वन?"

"इन्शाल्ला," खैरुद्दीन म्हणाला. या देशात वाढलेल्या मुलांना बापाच्या तोंडच्या इन्शाल्लाचा अर्थ बरोबर कळतो. तिचा चेहरा पडला.

त्याच शुक्रवारी मंडळाची बैठक होती. एका कॅफेटेरियाबाहेर, कडक चहाच्या साक्षीने, अध्यक्ष राजन सबनीस यांनी ठराव मांडला : मिशा पूर्ववत होईपर्यंत एकाही सदस्याने दुसरा अंक विकत घेऊ नये. खैरुद्दीनला चौदाव्या पानाबद्दल बोलायचे होते, लेकीबद्दल बोलायचे होते. त्याने तोंडही उघडले.

"मुकादम, तुमचा रिपोर्ट काय म्हणतो?" राजननी विचारले.

रिपोर्ट 'माल परत' म्हणत होता. स्वतःच्या सहीचा रिपोर्ट खोटा पाडणे हे इमानी माणसाचे काम नव्हे. खैरुद्दीनने ठरावावर सही केली.

असेच ठराव पुणे, नाशिक आणि मस्कत शाखांनीही केले. तिसऱ्या अंकानंतर प्रकाशकाने निवेदन काढले. पहिल्या अंकावर अकराशे चाळीस सविस्तर पत्रे आली होती, आणि दुसऱ्या अंकाच्या दोनशे बारा प्रती खपल्या होत्या. सबब, मासिक बंद. मंडळाने त्याच संध्याकाळी तातडीची बैठक घेऊन हळहळ व्यक्त केली, मराठी वाचकांच्या उदासीनतेचा निषेध केला आणि 'वज्रसप्तक पुन्हा सुरू करा' अशी मोहीम एकमताने हाती घेतली.

घरी येऊन खैरुद्दीनने लेकीला सांगितले. ती म्हणाली, "मग आता पुढे काय झालं, ते मला कोण सांगणार?"

तिने आपणहून बोललेले हे पहिले पूर्ण मराठी वाक्य. खैरुद्दीनने मोहिमेचे पहिले पत्र लिहायला घेतले.

वाचकांनी त्याला खुशाल हसावे. हसण्याआधी फक्त एवढे आठवून पाहावे : जे मराठी मासिक बंद पडल्याबद्दल आपण परवाच हळहळलो, त्याचा शेवटचा अंक आपण कोणत्या साली विकत घेतला होता?