पाव फेरा

व्हॉल्वचं काम म्हणजे दोन तासांची बाब, असं सनोबरने सकाळीच प्रयोगशाळेत ठणकावून सांगितलं. बाराला हात धुवायचे, दोनची बस धरायची आणि संध्याकाळी गावी, वडिलांना जाऊन वर्ष झालं म्हणून घातलेल्या पुलावाच्या जेवणाला हजर राहायचं. दुसरी बस नव्हती.

बुखाऱ्याजवळच्या त्या कारखान्यात वायूची तपासणी करणाऱ्या यंत्राचा सगळा जीव त्या बोटभर व्हॉल्वमध्ये होता. तिने तो उघडला, पुसला, नवी चकती घातली. नट आधी हाताने, मग पान्याने पाव फेरा. वडिलांनी शिकवलं होतं तसं; त्याहून जास्त आवळलं की चकती दबते आणि गळती लागते. यंत्र तापायला ठेवून ती चहाला गेली.

परत येऊन पाहते तर गळती. तिने सगळं सोडवून पुन्हा बसवलं. जरा बाहेर जाऊन आली तर गळती दुप्पट. तिसऱ्या खेपेला चकतीच चिरली.

सनोबर स्टुलावर टेकली. वर्षभर शोरब्यात मीठ दोनदा पडत होतं, किल्ल्या हरवत होत्या. आता हातही गेले, तिला वाटलं.

शेवटची चकती बसवून ती सिलिंडरांमागे वाकून नळी बघत होती. तेवढ्यात प्रमुख होलिदाताई मांजरीच्या पावलांनी आत आल्या आणि त्यांनी नटाला पाना लावला.

"ताई, हे काय?"

होलिदाताई दचकल्या. "अगं, तुला लवकर निघता यावं म्हणून. म्हटलं, जरासं आवळावं."

"मघाशीही तुम्हीच?"

"पहिल्यांदा फक्त. दुसऱ्यांदा तुर्सुनकाका असतील."

तुर्सुन मिस्त्री दारातच उभे होते. "मी अर्धाच फेरा दिला. पुरता आवळला तो गैरतने."

"गैरत? तो तर गाडी चालवतो!"

"म्हणाला, बापाच्या दिवशी पोरीला एकटीला का राबवायचं?"

चिडावं तर कुणावर? "सगळे पाने आणा इकडे," ती म्हणाली. गैरतने चाकाचा पानासुद्धा आणून दिला.

व्हॉल्व गळेना. दोनला पाच कमी होते. पाने पिशवीत कोंबून ती फाटकाकडे धावली.

"कारखान्याचे पाने बाहेर? चिठ्ठी दाखव," पहारेकरी म्हणाला.

तिने पिशवी त्याच्याच टेबलावर ठेवली. "काका, व्हॉल्वसाठी कुणी मागितले तरी सोमवारपर्यंत द्यायचे नाहीत."

त्याने छातीवर हात ठेवला. "निर्धास्त जा, पोरी. तुझा बाप देवमाणूस होता."

बस सुटली. सनोबरने खिडकीतून मागे पाहिलं. पहारेकरी पिशवीतला सगळ्यांत मोठा पाना घेऊन लगबगीने प्रयोगशाळेकडे निघाला होता.

'गाडी थांबवा' हे शब्द ओठांपर्यंत आले होते. तिने ते गिळले. व्हॉल्व सोमवारीही गळणारच होता. पुलाव आज होता.